मुरमाला रॉयल्टी, मग नेवाडातल्या सोन्याला का नाही? एका वकिलाची आणि त्याच्या अजून चालणाऱ्या कायद्याची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात गावी अंगण उचलायला मुरूम मागवला होता. ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली उलटी करायच्या आधी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली पावती काढून दाखवली, रॉयल्टीची. एवढे ब्रास, एवढे पैसे सरकारजमा. मुरूम म्हणजे काय, दगडाचा चुरा, पण जमिनीच्या पोटातलं काढलं की सरकारचा वाटा द्यायचा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आणि इकडे बातम्यांमध्ये सारखं अमेरिकेतल्या थॅकर पासचं नाव येतंय. नेवाडा राज्यातली लिथियमची मोठी खाण, बॅटऱ्यांसाठी, अमेरिकन सरकारने तिला दोन अब्ज डॉलरच्या वर कर्ज मंजूर केलं आणि २०२५ मध्ये कंपनीत हिस्साही घेतला. त्या बातम्यांमधलं एक वाक्य वाचून मी अडकलो, की ही खाण सरकारी जमिनीवर आहे आणि तरी तिथल्या खनिजावर केंद्र सरकारला रॉयल्टी शून्य. कारण काय, तर १८७२ चा कायदा. आपल्याकडे तेव्हा टिळक शाळेत होते हो! तो कायदा अजून चालू आहे आणि तो कसा आला हे समजून घ्यायचं तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं, विल्यम मॉरिस स्टुअर्ट, खाणीत फावडं मारणारा, मग वकील, मग नेवाडाचा सिनेटर.

आधी तीन शब्द

क्लेम म्हणजे मोकळ्या सरकारी जमिनीवर खनिज सापडलं म्हणून चार कोपऱ्यांना खुंट ठोकून, नोंद करून अडवलेला तुकडा. जमीन सरकारचीच राहते, खणायचा हक्क तुमचा. पेटंट म्हणजे तोच तुकडा पुढे थोडे पैसे भरून कायमचा नावावर करून घेणं (औषधाच्या किंवा मशीनच्या पेटंटशी ह्याचा संबंध नाही). आणि रॉयल्टी तर ट्रॅक्टरवाल्याने शिकवलीच, काढलेल्या मालातला मालकाचा वाटा.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो कारण लोकांचा गोंधळ होतो. अमेरिकेत खाजगी जमिनीखालचं खनिज बहुतेक वेळा जमीनमालकाचं असतं हे खरं, पण आपण बोलतोय ते केंद्र सरकारच्या जमिनीबद्दल, आणि नेवाडाची साधारण ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे.

मालक हजारो मैल लांब

२४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात सटरच्या सॉ मिलपाशी सोनं सापडलं. बरोबर नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिकोने तहात तो सगळा मुलुख अमेरिकेला दिला. म्हणजे जमीन एका देशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातेय, तिथे ना तहसील ना तलाठी, आणि लाखभर माणसं घमेली-फावडी घेऊन येतायत. सरकारी जमिनीवरचं सोनं कोणाचं, ह्यावर वॉशिंग्टनचा कायदाच नव्हता. कागदावर बघाल तर सगळे अतिक्रमणवालेच.

मग माणसं करतात तेच त्यांनी केलं, वाडीवर पाण्याच्या पाळ्या जशा गावकरी बसून ठरवतात तसं. कॅम्पवर मीटिंग घ्यायची, एकाला किती फूट ते ठरवायचं, काम केलं तर तुकडा तुझा आणि अमुक दिवस सोडून गेलास तर दुसऱ्याचा, आणि वहीत नोंद. मला ह्या पद्धतीचं मनापासून कौतुक वाटतं, कोणी वरून न सांगता लोकांनी व्यवस्था उभी केली. पण त्या मीटिंगमध्ये कोण बसलं नव्हतं हेही बघायला पाहिजे. मूळचे आदिवासी नव्हते, आणि मेक्सिकन किंवा चिनी खाणकामगार आले तर कॅलिफोर्नियाने १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलरचा कर बसवला, तो मुख्यतः त्यांना हाकलायलाच.

येल सोडून आलेला पोरगा

स्टुअर्टचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला, वाढला ओहायोत. येल कॉलेजात गेला आणि सोन्याच्या बातम्या ऐकून मध्येच सोडून १८५० मध्ये कॅलिफोर्निया. नेवाडा सिटी नावाच्या गावाभोवती (हे गाव कॅलिफोर्नियातलंच, नावावर जाऊ नका) खणत होता. दोनेक वर्षांत त्याच्या लक्षात आलं असणार की खाणीत सोनं लागलं तर एकाचं भलं होतं, पण खाणीवरून भांडण लागलं की वकिलाचं दोन्हीकडून होतं. १८५२ मध्ये कायदा वाचायला लागला आणि लगेच डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (जिल्ह्याचा सरकारी वकील) झाला, १८५४ मध्ये राज्याचा हंगामी अ‍ॅटर्नी जनरल. १८५५ मध्ये हेन्री फूट ह्या मिसिसिपीच्या माजी गव्हर्नरच्या मुलीशी, अ‍ॅनीशी लग्न, आणि सासऱ्याबरोबरच वकिली. सीमेवरच्या मुलखात करिअर असंच धावायचं, डिग्रीला कोण विचारतो, उभं राहून बोलता आलं पाहिजे आणि दमात घ्यायला आलं पाहिजे, आणि उंचापुरा दाढीवाला स्टुअर्ट दोन्हीत तरबेज.

आल्याचा गड्डा की वेगवेगळी रोपं?

१८५९ मध्ये सिएरा डोंगराच्या पलीकडे, आजच्या नेवाडात, कॉमस्टॉक लोड सापडली. लोड म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेली धातूची शीर. तिथे सोनं धुणारे एका चिकट निळसर मातीला वैतागले होते, चाळणीत अडकते म्हणून फेकून देत होते, आणि तपासणी केली तर तीच चांदीची भरगच्च माती निघाली! १८६० मध्ये स्टुअर्ट व्हर्जिनिया सिटीत हजर.

आणि तिथली नोंदवही कुठे होती ठाऊक आहे? गोल्ड हिलची क्लेमची वही दारूच्या गुत्त्यात, गल्ल्यामागच्या फळीवर. कोणीही मागायचं, उघडायचं, तारीख खोडायची, हद्द बदलायची. सातबाराचं पुस्तक चहाच्या टपरीवर ठेवलंय असं समजा, मग काय होईल. खटले, खटले आणि खटले. बारा मोठ्या कंपन्या मिळून २४५ दाव्यांत अडकल्या होत्या आणि १८६५ पर्यंत कोर्टकचेरीवर साधारण एक कोटी डॉलर गेले असा अंदाज आहे, म्हणजे तोवर निघालेल्या मालाचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

भांडणाचं मूळ समजायला आलं आठवा. वर चार ठिकाणी चार कोंब दिसतात. ती चार वेगळी रोपं आहेत का खाली एकच गड्डा आहे? कॉमस्टॉकवर तसंच होतं, डोंगरउतारावर गारगोटीच्या चार-पाच समांतर रेघा वर आल्या होत्या आणि मध्ये माती. आधी आलेल्या कंपन्या म्हणायच्या खाली सगळं एकच, म्हणजे सगळं आमचं. मागून आलेले म्हणायचे की आमची रेघ वेगळी. स्टुअर्ट आधीच्यांचा वकील, "एकच शीर" ह्या बाजूचा. शेवटी खोल खणल्यावर भूगर्भाने त्याच्याच बाजूने साक्ष दिली, पण तोपर्यंत थांबायला कोणाला वेळ होता. साक्षीदार विकत घेणं, ज्यूरी फिरवणं ह्याचे आरोप दोन्हीकडून होते. जॉन नॉर्थ नावाच्या न्यायाधीशाने विरुद्ध बाजूला दिलासा दिला तर स्टुअर्टने त्याच्यावर लाचखोरीचा उघड आरोप केला, वर्तमानपत्रं पेटवली, सह्यांची मोहीम उठली आणि ऑगस्ट १८६४ मध्ये टेरिटरीच्या (नेवाडा अजून राज्य नव्हतं, केंद्राचा मुलुख होता) तिन्ही न्यायाधीशांनी राजीनामे दिले. पुढे नॉर्थने बदनामीचा दावा लावला, तो लवादांकडे गेला आणि नॉर्थ निर्दोष ठरला. म्हणजे स्टुअर्टने एका माणसाचं नाव खोट्यात घालून कोर्ट रिकामं केलं. मी त्याचे सगळे गुण मानतो पण हे मला गिळवत नाही.

खोड ज्याच्या बांधात, आंबे त्याचे

आता कायद्यातला सगळ्यात विचित्र नियम. शीर जमिनीत सरळ खाली जात नाही, तिरकी जाते, त्यामुळे माझ्या तुकड्यात सुरू झालेली शीर खाली शेजाऱ्याच्या तुकड्याखाली शिरते. मग तिथलं सोनं कोणाचं? आपण म्हणू शेजाऱ्याचं. पण खाणवाल्यांनी ठरवलं की शिरेचं डोकं ज्याच्या तुकड्यात, त्याने ती कितीही खोल आणि कोणाच्याही जमिनीखालून खणत जावी. बांधावरच्या आंब्यासारखं, खोड माझ्या हद्दीत, फांद्या तुझ्या शेतावर गेल्या तरी आंबे माझे. आपल्याकडे एवढ्या एका झाडावरून भावाभावांची बोलणी बंद होतात, इथे तर चांदी होती! वकिलांना पिढ्यान्पिढ्या पुरलं हे काम. माँटानातल्या ब्यूट गावात १९०० च्या सुमाराला ऑगस्टस हाइन्झी ह्या माणसाने ह्याच नियमावर बड्या तांब्याच्या कंपनीला वर्षानुवर्षं कोर्टात गुंतवून ठेवलं.

पाटाच्या बिलातून आलेला खाणीचा कायदा

नेवाडा राज्य झालं ३१ ऑक्टोबर १८६४ ला. लिंकनच्या निवडणुकीच्या आठ दिवस आधी, आणि घाई एवढी की आख्खी राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला पाठवली, सोळा हजारांच्या वर शब्द. त्याच वर्षी जानेवारीत घटनेचा पहिला मसुदा लोकांनी फेटाळला होता, कारण त्यात खाणींवर इतर मालमत्तेसारखा कर होता. स्टुअर्टने घटनासमितीत आधीच हट्ट धरला होता की खाणीवर कर नको, फक्त तिच्या उत्पन्नावर घ्या. दुसऱ्या मसुद्यात तेच आलं. आणि नवं राज्य झाल्यावर सिनेटर कोण, तर स्टुअर्ट.

वॉशिंग्टनला वेगळंच वारं वाहत होतं. यादवी युद्धाचं डोंगराएवढं कर्ज, आणि इंडियानाचे जॉर्ज ज्युलियन, हाउसच्या (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) सरकारी जमीन समितीचे अध्यक्ष, म्हणत होते की ह्या खनिजाच्या जमिनी विकून कर्ज फेडा. पश्चिमेकडच्यांचा जीव खालीवर झाला, कारण लिलाव झाला तर पैसेवाले येऊन सगळं घेणार आणि खणणारा बाहेर. स्टुअर्टने सिनेटमध्ये खाणींचं बिल पास करून घेतलं पण ते ज्युलियनच्या समितीत जाऊन बसलं. मग त्याने काय केलं, तर पाण्याच्या पाटांना सरकारी जमिनीतून वाट देणारं एक साधं बिल होतं, त्याचा मजकूर काढून आत खाणींचा कायदा भरला, नाव मात्र पाटाचंच ठेवलं, आणि असं ते ज्युलियनच्या समितीला वळसा घालून हाउसमध्ये पास झालं. २६ जुलै १८६६. त्या कायद्यावर आजही पाट आणि कालव्यांच्या वाटेचंच नाव आहे.

त्यात मुख्य वाक्य एवढंच की सरकारी खनिजाच्या जमिनी शोधायला आणि ताब्यात घ्यायला खुल्या आहेत, आणि कॅम्पवरचे नियम ग्राह्य. अठरा वर्षांची घुसखोरी एका सहीत कायदेशीर. १८७० मध्ये नदीच्या वाळूतल्या सोन्याची भर पडली आणि १० मे १८७२ ला प्रेसिडेंट ग्रँटच्या सहीने सगळं एकत्र आलं, त्यात स्टुअर्टइतकाच कॅलिफोर्नियाच्या आरन सार्जंटचा हात होता. लोडचा क्लेम जास्तीत जास्त १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद, वर्षाला १०० डॉलरचं काम दाखवायचं, आणि पेटंट पाहिजे तर एकरी ५ डॉलर, वाळूतल्या सोन्याला अडीच डॉलर. क्लेम फक्त नागरिकाला किंवा नागरिक व्हायचं जाहीर केलेल्याला, आणि चिनी माणसाला नागरिक होताच येत नव्हतं, म्हणजे दार "खुलं" असलं तरी सगळ्यांना नाही.

रॉयल्टीचा शब्द कुठेही नाही. आणि एकरी ५ डॉलर हा आकडा पुढे शंभर वर्षांत कोणी बदलला नाही. १९९४ मध्ये बॅरिक कंपनीला नेवाडातली साधारण १,९५० एकर जमीन कायद्याप्रमाणे द्यावी लागली, ९,७६५ डॉलरला, आणि खाली अंदाजे १० अब्ज डॉलरचं सोनं. मंत्री ब्रूस बॅबिट सही करत नव्हते, कोर्टाने करायला लावली. त्याच वर्षी काँग्रेसने नवीन पेटंटना स्थगिती दिली, ती दर वर्षी वाढवत अजून आहे. क्लेम मात्र चालू, आता वर्षाला एका क्लेमची फी २०० डॉलर.

"पण शोधणाऱ्याला बक्षीस नको का?"

हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला झटकून टाकणं चूक. खनिज शोधणं म्हणजे दहा ठिकाणी बोअर मारून नऊ कोरड्या जाणं. ज्याने घरचे दागिने मोडून बोअर मारली, त्यालाच पाणी लागल्यावर "आता लिलाव" म्हटलं तर पुढच्या वेळी कोण मारेल? आपल्याकडे २०१५ पासून मोठ्या खनिजांचा लिलाव होतो, राज्याला पैसे मिळतात, पण नवीन शोधायला खाजगी माणूस येत नाही ही तक्रार झाली आणि २०२३ मध्ये शोध घेण्याचं वेगळं लायसन्स आणावं लागलं. जम्मूतल्या रियासीच्या लिथियमचा गाजावाजा आठवतो ना, तिथे लिलावाला पुरेसे बोली लावणारेच आले नाहीत.

पण बक्षीस आणि शून्य वाटा ह्यात फरक आहे. आणि १८७२ मध्ये जो माणूस डोळ्यांसमोर होता, गाढव आणि कुदळ घेऊन डोंगरात फिरणारा, तो आता नाही. आता डोंगरच्या डोंगर उपसून टनाला ग्रॅमभर सोनं काढतात, त्याला सायनाइडचं पाणी लागतं, मागे खड्डा राहतो. तेलाला तर अमेरिकेने १९२० मध्येच ह्या कायद्यातून बाहेर काढून भाडेपट्टा आणि रॉयल्टी लावली. तेलवाले पळून गेले का? नाही.

"कंपन्या टॅक्स भरतातच की"

भरतात. इन्कम टॅक्स आहे, नेवाडा राज्यही घेतं. पण राज्याचा जुना कर निव्वळ उत्पन्नावर आहे, जास्तीत जास्त ५ टक्के, स्टुअर्टच्या हट्टाची ती सावली अजून पडलेली. जमीन अर्धेलीने दिलेल्याला ह्यातला फरक लगेच कळेल, खळ्यावरच्या राशीतून वाटा घेणं वेगळं आणि बी, खत, मजुरी, औषध सगळा खर्च वजा करून उरलं त्यातून घेणं वेगळं. खर्च किती ते लिहिणारा कोण, कसणारा. म्हणून २०२१ मध्ये नेवाडाने सोन्या-चांदीच्या एकूण विक्रीवर वेगळा कर लावला, शाळांसाठी. शिवाय कर सगळेच धंदे भरतात, रॉयल्टी ही मालाच्या मालकाची किंमत आहे, आणि इथे मालक अमेरिकन जनता.

आणि मागचा कचरा? सरकारी जमिनींवर सोडून दिलेल्या जुन्या खाणींच्या किमान १ लाख ४० हजार जागा मोजल्या गेल्यात. सोडून जाणारा केव्हाच गेला, साफ करायचा पैसा तिजोरीतून. २०२३ मध्ये सरकारच्याच एका गटाने ४ ते ८ टक्के रॉयल्टी सुचवली, कायदा झालेला नाही. खाणींच्या राज्यांचे सिनेटर मध्ये उभे राहतात, स्टुअर्ट उभा राहिला तसेच.

"म्हणजे हा नुसता कंपन्यांचा माणूस?"

असं लिहून मोकळं होता आलं असतं पण ते खोटं ठरेल. १८६९ मध्ये वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी ह्यावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती सिनेटमधून तडीस नेणारा स्टुअर्टच, शेवटच्या शब्दरचनेतही त्याचा मोठा हात, आणि ती मंजूर करणारं पहिलं राज्य नेवाडा, १ मार्च १८६९. चिनी लोकांना नागरिकत्व द्यायला त्याने १८७० मध्ये विरोध केला, आणि त्याच वर्षी त्यांच्यावर वेगळे कर लावायला बंदी करणारं कलमही त्यानेच आणलं. एकाच माणसात हे दोन्ही. यूटामधल्या एमा खाणीचे शेअर लंडनच्या लोकांच्या गळ्यात मारले गेले आणि खाण आटली, तिच्या संचालकांत तो होता. १८७५ मध्ये सिनेट सोडलं, १८८७ मध्ये परत आला ते १९०५ पर्यंत. १९०९ मध्ये वॉशिंग्टनला वारला.

कार्सन सिटीजवळ त्याच्या नावाची शाळा आहे, स्टुअर्ट इंडियन स्कूल. १८९० मध्ये सुरू झाली, केंद्राचा पैसा त्याने मिळवून दिला. वॉशो, पायूट आणि शोशोनी ह्या तिथल्या आदिवासी जमातींच्या मुलांना घरून आणून तिथे ठेवायचे आणि भाषा सोडायला लावायचे. १९८० मध्ये बंद पडली. दगडी इमारती तशाच आहेत, आता तिथे म्युझियम आहे आणि त्या मुलांची नातवंडं ते चालवण्यात आहेत.

मग आता काय चाललंय?

जुना कायदा आता कोर्टात थोडा थोडा सोलला जातोय. ॲरिझोनात रोझमाँट तांब्याच्या खाणीत कंपनीला खोदलेला राडारोडा शेजारच्या क्लेमवर टाकायचा होता. २०२२ मध्ये नवव्या सर्किटच्या कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं केंद्रीय अपील कोर्ट) विचारलं की त्या जागेत खनिज सापडलंय का. नाही. मग क्लेम कसला, खनिज नसलेल्या जमिनीवर कचरा टाकायचा हक्क १८७२ चा कायदा देत नाही. एवढ्या साध्या प्रश्नाला दीडशे वर्षं लागली.

आपल्या गोव्याशी हे ताडून बघावंसं वाटतं. पोर्तुगीजांनी खाणी कायमच्या देऊन टाकल्या होत्या, तारीख नाही, मुदत नाही. गोवा मुक्त झाल्यावरही ते हक्क चालूच राहिले आणि १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्यांचे भाडेपट्टे केले, तोही १९६१ पासून लागू धरून. पुढे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, बार्ज थांबले, ट्रक दारात उभे राहिले, किती घरांचे हप्ते थकले. जुना कायमचा हक्क मोडायचा तर किंमत पडते, आणि ती बहुतेक वेळा ट्रक चालवणारा भरतो.

थॅकर पासवर कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये परवानगी बहुतेक कायम ठेवली, फक्त रोझमाँटच्या निकालावरून एक प्रश्न सरकारला परत विचारला, की जिथे राडारोडा टाकणार तिथले क्लेम खरे आहेत का. मार्चमध्ये काम सुरू झालं. पायूट लोक त्या खिंडीला पीही मूहू म्हणतात, त्यांचे पूर्वज तिथे मारले गेले असं त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. क्लेमची मापं अजून तीच, १,५०० बाय ६०० फूट, कोपऱ्यांना खुंट.